तिसरा गोल

प्रश्न साधा होता. टोमॅटो २० रुपये किलो, तर ३ किलोचे किती? खाली चार पर्याय, त्यातला तिसरा ६० रुपये. मी कागद उलटा ठेवला आणि तिसरीतल्या त्या मुलीला तोंडी विचारलं, "किती पैसे द्यायचे गं?"

"तीन," ती म्हणाली.

"तीन काय? तीन रुपये?"

"नाही बाई, तिसरा गोल."

तो प्रश्न आम्ही त्याआधी दोनदा सोडवला होता. तिने गोल पाठ केला होता. ही ऑक्टोबर २०२४ची गोष्ट. ४ डिसेंबरला तिसरी, सहावी आणि नववीसाठी परख राष्ट्रीय सर्वेक्षण व्हायचं होतं. आमचा सराव रोज पहिल्या दोन तासिका चालायचा.

त्याच आठवड्यात मी बाजाराला गेले. आईशेजारी तीच पोरगी तराजू घेऊन बसली होती. एका बाईंनी दीड किलो वांगी घेतली, चाळीस रुपये किलोची, आणि शंभराची नोट दिली. पोरीने चाळीस रुपये परत दिले. बोटं मोजली नाहीत, आईकडे पाहिलंही नाही. मी भाजी न घेताच घरी आले. हिशेब तिला येत होता, माझ्या वर्गात बसून तो तिला येईनासा झाला होता. रात्रभर मला झोप लागली नाही.

कारण सरावाची ही पद्धत मी नाइलाजाने धरलेली नव्हती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे. १३ नोव्हेंबर २०१७ला परखच्या आधीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झालं, तिसरी, पाचवी आणि आठवीचं, तेव्हा आमची शाळा निवडीत होती. त्याच वर्षी अध्ययन निष्पत्तींचे, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याचे, तक्ते वर्गावर्गात लागले होते. मी प्रत्येक निष्पत्तीवर दहा-दहा बहुपर्यायी प्रश्न काढले, स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढल्या आणि केंद्रातल्या बाकी शाळांनाही दिल्या. शिक्षण परिषदेत माझं कौतुक झालं. सरावाच्या सूचना वरून येत होत्या हे खरं, पण उत्साह माझा होता, आणि तो मला कुणावर ढकलायचा नाही.

त्या उत्साहात काय काय गेलं ते आज दिसतं. परिसर अभ्यासात गावाचा नकाशा काढायचा असतो. त्यासाठी मुलांना घेऊन एकदा गावातून फिरावं लागतं: पाण्याची टाकी, ग्रामपंचायत, देऊळ, ओढा. त्या वर्षी आम्ही फिरलोच नाही. नकाशावर येऊ शकतील असे चार प्रश्न घेतले आणि पुढे गेलो. गोष्टींच्या पुस्तकांची पेटी दिवाळीनंतर उघडली ती थेट जानेवारीत.

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. १३ नोव्हेंबरच्या सकाळी माझ्या वर्गातली तीन मुलं आली नाहीत. तिघंही वाचताना अडखळत होती. त्यांना घरी राहा असं मी सांगितलं नव्हतं. पण एरवी कुणी आलं नाही तर मी परिपाठ संपायच्या आत एखाद्या मुलाला त्याच्या घरी पाठवते. त्या दिवशी पाठवलं नाही. मला बरंच वाटलं. एका शिक्षिकेला आपली तीन मुलं वर्गात नाहीत याचं बरं वाटावं, हे लिहितानाही माझा हात जड होतोय.

पुढचं सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ला झालं. कोरोनामुळे बंद झालेले ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग तेव्हा नियमित उघडलेलेही नव्हते, ते १ डिसेंबरला उघडले. तेव्हा तिसरीत असलेली मुलं पहिलीचं वर्ष संपायच्या आतच घरी बसलेली. तरीही मी पालकांच्या मोबाइलवर सराव प्रश्न पाठवत होते. आमची शाळा तर त्या वर्षी निवडीतही नव्हती.

मुलांना मी सांगायचे, "नीट सोडवा, नाहीतर शाळेचं नाव जाईल." हे खोटं होतं. या सर्वेक्षणात एकाही मुलाचा निकाल लागत नाही. गुणपत्रक नाही, पास-नापास नाही. नमुन्यादाखल काही शाळा, काही मुलं निवडतात, बाहेरचे क्षेत्रीय अन्वेषक येऊन पेपर घेतात आणि त्यातून जिल्ह्याचं, राज्याचं, देशाचं चित्र तयार होतं. जिल्हा कुठे मागे आहे ते दिसलं, तर तिथे प्रशिक्षण, साहित्य, माणसं देता येतात. म्हणजे माझी पोरं अडखळतात हे वरपर्यंत कळण्याची ही एक वाट होती, आणि तीच मी मेहनतीने बुजवत होते. तापलेल्या पोराला दवाखान्याच्या दारात गोळी द्यायची, आणि डॉक्टर "ताप नाही" म्हणाले की समाधानाने घरी आणायचं, तसं.

काही सहकारी विचारतात, मग नवोदयची, शिष्यवृत्तीची तयारी तरी का घेता? घेते, आणि मनापासून घेते. पाचवीतलं पोर नवोदयच्या परीक्षेला बसतं तेव्हा सहावीतल्या ८० जागांपैकी एक त्याला मिळू शकते, त्याचं आयुष्य बदलू शकतं. तिथला सराव त्या मुलासाठी असतो. सर्वेक्षणाचा सराव मी स्वतःसाठी करत होते, आमच्या केंद्राच्या नावासाठी.

बाजारात त्या मुलीला पाहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी सराव बंद केला. उत्तराला गोल कसा करायचा, एकच का करायचा, हे अर्ध्या तासात दाखवलं, कारण अनोळखी कागद पाहून मूल घाबरायला नको. उरलेल्या वेळात वर्गात भाजीचं दुकान मांडलं. त्या मुलीला दुकानदार केलं. पहिल्या दिवशी तोंडी हिशेब, दुसऱ्या दिवशी तोच हिशेब वहीत. कागदावरचे टोमॅटो आणि आईच्या पाटीतले टोमॅटो एकच आहेत हे तिला पटायला आठ दिवस लागले. वरिष्ठांनी सराव चाचण्यांचे गुण मागितले तेव्हा चाचण्या घेतल्याच नाहीत असं लिहून दिलं. बोलणी खाल्ली. ती खायला हवीच होती, फक्त २०१७ला खायला हवी होती.

२०२५च्या जुलैमध्ये सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. देशातल्या तिसरीच्या फक्त ५५ टक्के मुलांना ९९पर्यंतच्या संख्या चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावता आल्या. पूर्वी असा आकडा वाचला असता, तर तो वर कसा न्यायचा याच्या झेरॉक्स मी काढायला बसले असते. या वेळी संख्याकार्डं आणि दोरी घेतली आणि एकेका मुलाला कार्डं क्रमाने अडकवायला लावली. सतरापैकी सहा जणांना जमलं नाही. त्या सहा जणांची नावं माझ्या टाचणवहीत आहेत, आणि रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटं त्यांची आहेत.

माझ्या शिक्षक भावाबहिणींना एकच विनंती आहे. सर्वेक्षण पुन्हा येईल. त्या सकाळी हजेरी घ्या, आणि जी मुलं आली नसतील त्यांच्या घरी माणूस पाठवा. सगळ्यात आधी त्यांच्या घरी, ज्यांना वाचायला येत नाही.