झावळीचे आडनाव

मराठीत ‘पामर’ म्हणजे दीन, क्षुद्र जीव. इंग्रजांत मात्र नेमक्या याच उच्चाराचे आडनाव आहे व त्याच्या मुळाशी आहे खजुरीची झावळी. मध्ययुगात पवित्र भूमीची यात्रा करून परतणारे भाविक खूण म्हणून झावळी आणीत. त्यावरून लोक त्यांना पामर म्हणत. पुढे हे बिरुद मुलानातवंडांकडे गेले आणि त्याचे आडनाव झाले.

१५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढले. त्यात यात्रांचा निषेध होता, आणि प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी, अशी आज्ञाही होती. त्याच वर्षी कँटरबरी येथील संत थॉमस बेकेट यांची समाधी उद्ध्वस्त करण्यात आली. यात्रा थांबल्या, पामर हे नाव मात्र त्या नोंदवह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहिले.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत बालकाचे आडनाव लिहिताना आम्हांला याचे स्मरण होते. पूर्वजाने पायपीट करून मिळवलेले नाव वारसाला आयते लाभते. वाट मात्र ज्याची त्यानेच चालायची असते. श्रद्धेचेही तसेच आहे. प्रिय वाचकहो, झावळीविना आपण सारे मराठीतले पामरच, नाही का?