किती दूर आणि कोणत्या दिशेस

वस्तूचा ठावठिकाणा सांगण्याच्या दोन तऱ्हा आहेत. 'डाव्या भिंतीपासून चार हात, पाठीमागच्या भिंतीपासून तीन हात' ही एक. आणि कोपऱ्यांत उभें राहून 'माझ्यापासून पांच हात, अमक्या दिशेस' ही दुसरी. पहिलीला देकार्तच्या नांवावरून कार्टेशियन म्हणतात. त्याची 'भूमिति' १६३७ सालीं प्रसिद्ध झाली. दुसरी ध्रुवीय. पन्नाशी उलटल्यावर मला संगणकाच्या पडद्यावर चित्रें काढण्याचा छंद जडला, आणि या दोघींशीं पुन्हां गांठ पडली.

कलावंतांसाठीं केसी रीस व बेन फ्राय यांनीं २००१ सालीं 'प्रोसेसिंग' ही भाषा सुरू केली. तिच्यांत माझा हा खेळ चालतो. पडदा मोठा भिंतवादी! डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून उजवीकडे किती आणि खालीं किती, एवढेंच त्याला समजतें. फूल मात्र भिंती जाणत नाहीं. तें मध्यापासून उमलतें. म्हणून मी विचार करतों त्रिज्या आणि कोन यांत. पडद्याला सांगतांना त्रिज्येस कोनाच्या कोज्येनें गुणून आडवें अंतर काढतों, ज्येनें गुणून उभें काढतों, आणि दोहोंत मध्यबिंदूचीं अंतरें मिळवितों. दर नव्या ठिपक्यास कोन सुमारें १३७.५ अंशांनीं वाढवावा व त्रिज्या ठिपक्याच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत ठेवावी, हें सूत्र फोगेल यानें १९७९ सालीं मांडलें. तेवढ्यानें पडद्यावर सूर्यफुलाच्या बियांच्या वळणदार रांगा उभ्या राहतात. भिंतींच्या भाषेंत हें कोणास सुचलें असतें?

उलट वाट अधिक बोधप्रद आहे. मध्यापासूनच्या उभ्या अंतरास आडव्यानें भागून कोन काढूं गेल्यास, मध्याच्या दोहों बाजूंस समोरासमोर असलेल्या बिंदूंचें गुणोत्तर एकच येतें. परस्परविरुद्ध दिशांना गेलेलीं दोन माणसें एकाच वाटेनें गेलीं असा भास होतो. म्हणून दोन्ही अंतरें आपापल्या चिन्हांसह पाहणारें 'अटॅन-टू' वापरावें लागतें. आणि बिंदु नेमका केंद्रावरच असेल तर? त्याला दिशाच नसते. यंत्र सहसा निमूटपणें 'शून्य' असें उत्तर देतें; पण तें सौजन्य झालें, सत्य नव्हे.

आई होती तोंवर आम्हां भावंडांचें गणित ध्रुवीय होतें. कोण किती दूर गेला, कोणाचें तोंड कोणीकडे वळलें, हें तिच्यापासून मोजलें जाई. थोरला रागावून दूर राहिला तरी तो तिच्यापासूनच दूर असे. ती गेली, आणि आमच्याजवळ एकमेकांचे पत्ते तेवढे उरले: घर क्रमांक, रस्ता, शहर. पत्त्यांत चूक नाहीं. पत्रें बिनचूक पोंचतात. पण त्यांवरून कोण कोणापासून किती दूर आहे, हें कळत नाहीं.

आतां पुतणे-भाचे सल्ला विचारावयास माझ्याकडे येतात. आपण कोठें आहों हें त्यांना बहुधा माझ्यापासून मोजावयाचें असतें. केंद्राला स्वतःची दिशा नसते, हें त्यांना सांगवत नाहीं. मीहि यंत्रासारखें कांहींतरी उत्तर देतों. आणि तीं पोरें समाधानानें आपापल्या वाटेस लागतात.