उघडून पुन्हा जोडता येतं ते

जून उजाडला की कोकणच्या बंदरांत खरेदी-विक्रीचा हंगाम सुरू होतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका वर ओढलेल्या, शाकारलेल्या, जाळी घरात, खलाशी आपापल्या गावी. याच दिवसांत कुणी ठरवतो की आता धंदा पुरे, आणि कुणी ठरवतो की यंदा स्वतःची नौका करायचीच. मग देवगडात, मालवणात, मिरकरवाड्यात, हर्णैला एकच प्रश्न कानावर येतो : "इंजिन जुनं आहे. किती द्यावेत?"

या प्रश्नाला तीन उत्तरं तयार असतात. भंगारवाला वजनावर बोलतो. बीड वेगळं, तांबं-पितळ वेगळं. विकणारा नाखवा आठवणींवर बोलतो. या इंजिनानं मुलांची शिक्षणं केली, मुलींची लग्नं केली, मग ते किलोवर कसं द्यायचं? घेणारा नव्या इंजिनाच्या किमतीवरून उलटा हिशेब मांडतो : नवं एवढ्याला, तर जुनं निम्म्याला. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही. पण यातलं एकही उत्तर त्या इंजिनाकडे बघून दिलेलं नसतं.

इंजिनं बघण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. जुन्या इंजिनाचं मोल त्याच्या वयात नसतं आणि आज ते किती छान चालतंय यातही नसतं. ते आणखी किती वेळा उघडून पुन्हा जोडता येईल, यात असतं. झीज तर होणारच. ट्रकचं इंजिन उतारावर, गर्दीत, सिग्नलला श्वास घेतं. नौकेच्या इंजिनाला ती सवलत नाही. जाळं ओढताना ते तासन् तास एकाच भाराखाली राबतं. अशा यंत्रात झीज दिसली म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. बघायचं ते एवढंच की झालेली झीज भरून येणारी आहे की नाही.

ज्या मेस्त्रींच्या हाताखाली मी शिकलो ते मालवणचे, कमी बोलणारे. इंजिन बघायला गेलो की ते आधी मालकाशी बोलत नसत, थेट खाली उतरून ब्लॉकवर पंजा टेकवत. एका ठिकाणी मालकानं आमच्या येण्याआधीच इंजिन चालवून ठेवलं होतं. मेस्त्रींनी हात काढला, फडक्याला पुसला आणि म्हणाले, "इंजिन गरम आसा. आमी उद्या सकाळी येतंव." मालक म्हणत राहिला की फक्त तपासायला लावलं होतं. मेस्त्री पायऱ्या चढून वरसुद्धा आले होते.

त्यामागचं कारण डिझेल इंजिनाच्या मुळाशीच आहे. याला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा १६ ते २० पट दाबली जाते, त्या दाबानं तिचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. रिंगा झिजल्या, लायनर खाल्ला गेला, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की दाबलेली हवा निसटते आणि हवं तेवढं तापमान येत नाही. गरम इंजिन हा दोष झाकून घेतं. थंड इंजिन झाकू शकत नाही. पहाटेच्या गारव्यात दोन-चार फेऱ्यांत पेटलं आणि थोड्या पांढऱ्या धुरानंतर मोकळं झालं, तर कंप्रेशन जागेवर आहे. स्टार्टर दमेपर्यंत फिरवावं लागलं आणि बराच वेळ डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर आला, तर आतलं काम निघालंय असं धरून चालावं.

सुरू करण्याआधी आणखी एक गोष्ट करायची. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाच्या चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. खाली पांढरी वाटी धरायची. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे चेंबरमध्ये पाणी उतरलं असेल तर तेलाआधी तेच येतं. पहिल्या थेंबांकडे बघायचं. काळं तेल आलं तर उत्तम. डिझेलमध्ये तेल काळं पडतंच, त्याला घाबरू नये. पण आधी पाण्याचे थेंब टपकले, किंवा दुधाळ, चहाच्या रंगाचं तेल आलं, तर पाणी आत शिरतंय. मग ते कुठून शिरतंय हे शोधावं लागतं. गॅस्केटमधून किंवा ऑइल कूलरमधून येत असेल तर खर्च आटोक्यातला. ब्लॉकला तडा असेल तर मात्र त्या इंजिनाची बोलणी तिथेच संपतात.

धुराबद्दल लोकांची मतं फार पक्की असतात आणि निम्मी चुकीची असतात. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे खरं. पण काळा धूर दिसला की "इंजिन गेलं" म्हणणारे घाई करतात. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय किंवा भार जास्त होतोय. हा भार पुष्कळदा इंजिनाचा दोष नसतोच. नौकेचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, प्रमाणाबाहेर मोठा बसवलेला असतो, त्याचं पातं वाकलेलं असतं, किंवा हंगामभर पाण्यात राहून नौकेच्या तळाला शिंपल्यांची पुटं चढलेली असतात. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २००० फेऱ्यांवरून १८०० वर आलं, म्हणजे फेऱ्या फक्त दहा टक्क्यांनी कमी झाल्या, तरी लागणारी ताकद पाव हिश्शाहून अधिक उतरते. त्यामुळे चुकीच्या पंख्याखाली चांगलं इंजिनही काळं ओकतं, आणि पंखा बदलला की तेच इंजिन साफ चालतं. नौकेच्या दोषासाठी इंजिनाची किंमत पाडणं हा विकणाऱ्यावर अन्याय आहे.

म्हणून मी दोषांचे दोन ढीग करतो. नोझल, पंप, रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह, गॅस्केट, स्टार्टर हा पहिला ढीग. हे सगळं बदलता येतं, सगळ्याचा खर्च काढता येतो आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून सौदा करता येतो. लायनर काढून नवा बसवता येईल अशी बांधणी असलेलं इंजिन तर पुन्हा उभं राहण्यासाठीच बनवलेलं असतं. दुसऱ्या ढिगात ब्लॉक, क्रँक आणि पाण्याच्या वाटा. क्रँक घासला की तो बारीक होतो आणि त्या मानानं जाड बेरिंग घालावं लागतं. ही मापं इंचाच्या हजाराव्या भागात चालतात आणि मेस्त्री ती नुसत्या आकड्यांनी सांगतात : दहा, वीस, तीस. बेरिंगच्या पाठीवर तो आकडा ठोकलेला असतो. बैल घेताना जसे दात बघतात तसा हा आकडा बघावा. स्टँडर्ड किंवा दहावर असलेल्या क्रँकला पुढे वाव आहे. शेवटच्या मापाला पोचलेला क्रँक आज गोड वाजत असला तरी पुढच्या वेळी घासायला त्यात काही उरलेलं नाही. त्यामुळे मागच्या कामांची बिलं ज्यानं जपून ठेवली आहेत त्याच्या इंजिनाला मी चार पैसे जास्त द्यायला सांगतो. तो कागद इंजिनाचाच भाग आहे.

पाण्याच्या वाटांचा विषय आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात महत्त्वाचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. हेच पाणी ब्लॉकमधून फिरवून थंड होणारी इंजिनं मुद्दाम कमी तापमानावर, ६० अंशांच्या आसपास चालवावी लागतात, कारण त्यावर गेलं की क्षार आतल्या भिंतींवर बसू लागतात. वाटा अरुंद होत जातात, बीड आतून खाल्लं जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ज्या इंजिनात आतलं पाणी गोडं असतं आणि खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून जातं, किंवा गोडं पाणी नौकेच्या तळाबाहेरच्या नळ्यांतून थंड होऊन येतं, त्या इंजिनाचा ब्लॉक कितीतरी जास्त टिकतो. दोन इंजिनं सारख्या वयाची, सारख्या ताकदीची असतील, तर या एका गोष्टीवरून मी डोळे झाकून निवड करीन. खाऱ्या पाण्यावर चाललेलं असेल तर होजखालच्या सांध्यांवर मिठाची पांढरी खपली आहे का, एक्झॉस्टच्या वळणावर पापुद्रे सुटलेत का, हे बोटानं खरवडून बघावं. ताज्या रंगावर कधीही जाऊ नये. रंग गंजावर चढतो तसाच चांगल्या लोखंडावरही चढतो. बोल्टच्या माथ्यावरचा रंग आणि हेडजवळ करपून उडालेला रंग मात्र खरं सांगतात. पहिल्यावरून इंजिन केव्हा उघडलं होतं ते कळतं, दुसऱ्यावरून ते कधी तापलं होतं ते कळतं.

फार चाललेल्या इंजिनाला लोक घाबरतात. मला जास्त भीती वाटते ती न चाललेल्या इंजिनाची. कोकणातल्या पावसाळ्याची दमट, खारी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये जाते, रिंगा लायनरला धरतात, पंपात गंज बसतो. "दोन वर्षं नुसतं झाकून ठेवलंय, वापरलंच नाही," हे विकणारा गुण म्हणून सांगतो. रोज समुद्रात जाणारं, वेळेवर ऑइल बदललेलं इंजिन त्या झाकलेल्या इंजिनापेक्षा बरं.

आता आणखी एक बाजू, जी इंजिनाच्या बाहेर आहे. १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीत जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं मूळ तत्त्व आपल्या बंदरातल्या जुन्या इंजिनांत जसंच्या तसं आहे. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढे विहिरीवर, गिरणीत, उसाच्या चरकावर डिझेल इंजिन पोचलं. त्यामुळे महाराष्ट्रात असा तालुका सापडणं कठीण, जिथे डिझेल इंजिन उघडून बसवणारा हात नाही. समुद्रावर ट्रकची म्हणून ओळखीची झालेली इंजिनं आली तेव्हा हीच माणसं त्यांना भिडली. नवी इलेक्ट्रॉनिक इंजिनं डिझेल कमी खातात, धूर कमी करतात, यात शंका नाही. पण सेन्सर बिघडला तर लॅपटॉप घेऊन कंपनीचा माणूस यावा लागतो, आणि तो वीस वाव पाण्यात येत नाही. जुन्या इंजिनात एअर धरली तर तांडेल स्वतः पान्यानं नट सैल करून ती काढतो आणि पुढे जातो. ही सोय किमतीत धरलीच पाहिजे. तसंच उलटही : इंजिन कितीही ठणठणीत असलं आणि त्याचे भाग बाजारात मिळायचे बंद झाले असतील, तर ते भंगाराच्या जवळ आलेलं आहे. नावाजलेल्या परदेशी इंजिनापेक्षा ज्याचा पिस्टन आणि गॅस्केट रत्नागिरीत किंवा कोल्हापुरात संध्याकाळपर्यंत मिळतं ते इंजिन आपल्या नौकेला जास्त मोलाचं.

सौद्यात दोन्ही बाजूंना न्याय मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं. धंद्यातून उठणाऱ्या माणसाकडून चांगलं इंजिन भंगाराच्या भावात काढून घेणं हे शहाणपण नव्हे. आणि कर्ज काढून पहिली नौका करणाऱ्या पोराच्या गळ्यात शेवटच्या मापाचा क्रँक बांधणं हे तर पापच. इंजिन बघणारा माणूस या दोघांच्या मध्ये उभा असतो. त्यानं आठवणींना किंमत लावू नये, पण आठवणी जपणाऱ्यानं इंजिनही जपलं असेल तर ते कबूल करावं.

शेवटी हे सगळं समुद्रावर जायचं आहे. रस्त्यात बंद पडलेला ट्रक कडेला उभा राहतो. नैऋत्येचा वारा असताना बंद पडलेली नौका उभी राहत नाही. ती खडकाकडे वाहू लागते, आणि दुसरी नौका ओढायला येईपर्यंत आतली माणसं देवाचं नाव घेत असतात. जुन्या इंजिनाची किंमत ठरवताना समोर तो दिवस ठेवावा.

म्हणून यंदा जो कुणी इंजिन घ्यायला निघाला असेल त्याला माझं सांगणं : पहाटे जा आणि ब्लॉक थंड आहे याची खात्री करून घ्या. ड्रेन बोल्टखाली वाटी धरा. बेरिंगचा आकडा आणि कामाची बिलं विचारा. धक्क्याला बांधून ट्रायल घेऊ नका, तासभर भाराखाली समुद्रात चालवा आणि गरम झाल्यावर, कमी फेऱ्यांवर ऑइलचं प्रेशर बघा. दोष निघाले तर घाबरू नका, ते पहिल्या ढिगातले आहेत की दुसऱ्या, एवढं ठरवा. पहिल्या ढिगातले असतील तर खर्च वजा करून योग्य पैसे मोजा आणि घासाघीस करू नका. दुसऱ्या ढिगातले असतील तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.