संघ गावाचा, सही मालकाची

माळव्यातल्या जुन्या मराठी घरांमध्ये होळकर संघाचे खेळाडू आजही घडाघडा सांगणारी माणसं भेटतात. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर. 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 असा चार वेळा रणजी करंडक या संघानं इंदूरला आणला. यशवंतराव होळकरांचा आश्रय हे त्यामागचं बळ होतं. संस्थान विलीन झालं, आश्रय आटला आणि 1954-55 च्या हंगामानंतर हा संघही राहिला नाही. त्याची जागा मध्य भारताच्या संघानं घेतली. इंदूरच्या प्रेक्षकाला कुणी काही विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती.

मी देवासचा. व्यवसायानं सनदी लेखापाल आहे आणि खेळाच्या संस्था, अकादम्या, क्लब यांचे हिशेब तपासणं, परवान्यासाठी लागणारी कागदपत्रं उभी करणं हे माझं काम. लेख फुटबॉलवर आहे, तरी सुरुवात क्रिकेटनं केली, कारण संघ एका माणसाच्या मर्जीवर उभा असला की काय होतं हे आमच्या भागानं फार आधी पाहिलं आहे. आज धार-देवासचा कुठलाही क्लब देशाच्या वरच्या फुटबॉल लीगमध्ये नाही. पण चामुंडा टेकडीच्या पायथ्याला संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर मँचेस्टर युनायटेडचे, बार्सिलोनाचे, केरला ब्लास्टर्सचे शर्ट दिसतात. खेळ संपला की गप्पा सुरू होतात आणि त्या बघता बघता भांडणावर येतात. मालक बदला, प्रशिक्षक हाकला, विका एकदाचा क्लब! मोठी माणसं हसतात. मला त्या संतापात पोरकटपणा दिसत नाही. कुणाला जाब विचारायचा हे कळत नाही, म्हणून तो वाया जातो, एवढंच.

पुण्याचे चार संघ

मराठी मुलखात या दुखण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण पुण्याचं. 2007 साली अशोक पिरामल समूहानं पुणे एफसी काढला. 2012-13 च्या आय-लीगमध्ये तो चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा आला. त्याची युवा अकादमी देशातल्या चांगल्या अकादम्यांमध्ये गणली जायची. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याची जागा एफसी पुणे सिटी या नव्या संघाला मिळाली. त्याच सुमारास कल्याणी समूहानं भारत एफसी आय-लीगमध्ये उतरवला. एका हंगामात तो आवरला. 2015 मध्ये पुणे एफसी थांबला, त्याची अकादमी पुणे सिटीकडे गेली. डीएसके शिवाजियन्स 2015-16 पासून दोन हंगाम आय-लीग खेळला आणि 2017 मध्ये बाहेर पडला. उरला एकटा पुणे सिटी.

राजेश वाधवान समूह आणि अभिनेता हृतिक रोशन त्याचे भागीदार. पहिल्या वर्षी दाविद त्रेझेगे आला, दुसऱ्या वर्षी आद्रियान मुतू. नावं मोठी, पण संघ गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यातच अडकलेला. 2017-18 मध्ये मात्र मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो यांच्या जोडीनं तो चौथा आला आणि पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला. 7 मार्च 2018 ला बालेवाडीत बंगळुरूशी गोलशून्य बरोबरी झाली. चार दिवसांनी परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीनं तीन गोल मारले आणि पुणे 3-1 नं हरलं. हरलेल्या संघाचा समर्थकही त्या दिवशी ताठ मानेनं घरी गेला असेल, कारण पुढच्या वर्षाची आशा होती.

पुढचं वर्ष असं गेलं: मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना तीन सामन्यांत नारळ मिळाला, प्रद्युम रेड्डी तात्पुरते आले, मग फिल ब्राउन. संघ सातवा. उन्हाळाभर आर्थिक ओढाताणीच्या बातम्या येत राहिल्या आणि ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधली ती जागा नव्या मालकांबरोबर हैदराबादला गेली. ‘ऑरेंज आर्मी’ म्हणून गॅलरीत ढोल वाजवणाऱ्या पोरांचं एका बातमीत सगळं आटोपलं.

पुढची कथा मालक बदलला की सगळं सुरळीत होतं असं मानणाऱ्यांनी नीट वाचावी. हैदराबाद एफसीनं 2021-22 चं विजेतेपद मिळवलं. दोन वर्षांच्या आत खेळाडूंचे पगार थकले, फिफानं नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली, संघ रिकामा झाला. 2025 मध्ये तो दिल्लीला हलला. याच दिल्लीनं 2019 मध्ये आपला दिल्ली डायनामोज हा संघ ओडिशाला जाताना पाहिला होता. पुणे, हैदराबाद, दिल्ली: सहा वर्षांत एकाच जागेला तीन शहरं.

ताळेबंदात प्रेक्षक कुठे?

क्लबचा ताळेबंद हातात घेतला की मी आधी दोन गोष्टी बघतो. पहिली, पैसा भांडवल म्हणून आला आहे की कर्ज म्हणून. आपल्याकडच्या बहुतेक फ्रँचायझींचा खर्च उत्पन्नाच्या कितीतरी पुढे असतो. खेळाडूंचे पगार, प्रवास, हॉटेलं, मैदानाचं भाडं, लीगचं शुल्क हे सगळं तिकिटांवर आणि जाहिरातींवर भागत नाही. तूट मालकाची दुसरी कंपनी भरून काढते आणि ती रक्कम वहीत पुष्कळदा विनातारण कर्ज म्हणून बसते. म्हणजे मूळ धंदा अडचणीत आला की पहिला हप्ता क्लबचा तुटतो. मैदानावर संघ जिंकत असला तरी त्यानं फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट, क्लबची मालमत्ता नेमकी काय. मैदान सरकारचं, खेळाडू कराराचे, अकादमी भाड्याच्या जागेत. हातात उरतो लीगमध्ये खेळण्याचा हक्क, आणि विकला जातो तोच. समर्थकाचा पत्ता या कागदात एकाच ठिकाणी लागतो, तिकीटविक्रीच्या ओळीत. ज्याच्या आवाजावर प्रायोजक येतात त्याचा सहीच्या जागी कुठेच उल्लेख नसतो. म्हणून त्यानं लिहिलेल्या पत्रांना उत्तर येत नाही. उत्तर द्यायला कुणी बांधीलच नाही.

दुखणं अचानक उद्भवत नाही. पगार महिना-दीड महिना उशिरा होऊ लागतात. युवा संघ स्पर्धेतून मागे घेतला जातो. मधल्या हंगामात प्रशिक्षक बदलतात. लेखापरीक्षणाचा अहवाल लांबतो. यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या की समर्थकांनी गोलरक्षकाला शिव्या घालणं थांबवावं आणि हिशेब मागावा.

कोल्हापूरची पेठ

याच्या अगदी उलट टोकाला कोल्हापूर. देवासकरांना हे शहर परकं नाही. देवास थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार हे राजर्षी शाहूंचे जावई. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन त्याआधीची, 1940 ची. राजघराण्याचा हात तिच्या पाठीशी आजवर आहे. पण तिथल्या फुटबॉलचा जीव तालमीत आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, जुना बुधवार पेठ: एकेक संघ म्हणजे एकेक पेठ.

पाटाकडील आणि दिलबहार शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की पायऱ्यांवर तीन पिढ्या एका रांगेत बसलेल्या दिसतात. उजव्या बगलेवरून धावणारा पोरगा कुणाचा, कुठल्या गल्लीत राहतो, त्याचे काका कोणत्या साली याच जागी खेळायचे, हे शेजारी बसलेला माणूस न विचारता सांगतो. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते तेव्हा कोण कुठल्या तालमीकडे गेला ही शहराची बातमी असते. 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. हे संघ कुणी हैदराबादला नेऊ शकत नाही. गल्ली विकत कोण घेणार?

म्हणून कोल्हापूरचं सगळं गोड आहे असं नाही. तिथली हुल्लडबाजी हा गंभीर प्रश्न आहे. सामन्यानंतर दगडफेक, मारामाऱ्या, गाड्यांची तोडफोड, मोठा पोलीस बंदोबस्त, थांबवावे लागलेले सामने हे सगळं त्या शहरानं पाहिलं आहे. प्रतिस्पर्धी खेळाडूच्या आईवरून घोषणा देणं म्हणजे निष्ठा नव्हे. यात पहिलं नुकसान बायका-मुलींचं होतं, त्या स्टेडियमकडे पाठ फिरवतात. दुसरं नुकसान हक्काचं. गॅलरीत हाणामारी झाली की आयोजकांना, मालकांना, पोलिसांना एकच उत्तर सापडतं: ही टोळकी आहेत, यांच्याशी काय बोलायचं? समर्थकाचा आवाज कायमचा बंद करायला याहून सोपं निमित्त नाही. शिवाय तालमीच्या संघाला वर जायची वाट नाही. पोरगा चांगला निघाला की त्याला गाव सोडावं लागतं.

इतरांनी काय केलं

जगात या प्रश्नाला उत्तरं शोधली गेली आहेत. जर्मनीत 1998 पासून नियम आहे की क्लबची कंपनी केली तरी मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहिलं पाहिजे. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढून सगळ्यात खालच्या पायरीजवळून सुरुवात केली. तो वर चढत व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि 2020 मध्ये प्लाव लेनला परतला. मँचेस्टर युनायटेड 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबानं घेतला तेव्हा खरेदीच्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच पडला. चिडलेल्या समर्थकांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर उभा केला. ज्या ऑगस्ट 2019 मध्ये पुण्याचा संघ गेला, त्याच महिन्यात 1885 सालचा बरी हा इंग्लिश क्लब पैशाअभावी लीगमधून बाद झाला. त्यानंतर तिथं चौकशी झाली, समर्थकांची बाजू ऐकली गेली आणि 2025 मध्ये फुटबॉल क्लबांवर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र नियामकाचा कायदा आला.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. 2020 मध्ये मोहन बागानच्या नावापुढे एटीके ही तीन अक्षरं लागली. कोलकात्याच्या समर्थकांनी ती काढा म्हणून सतत धोशा लावला. 2023 मध्ये लीग जिंकल्यावर मालकांनी ती काढल्याचं जाहीर केलं. ईस्ट बंगालचे समर्थक 2021 मध्ये गुंतवणूकदाराशी होणाऱ्या करारावरून रस्त्यावर उतरले आणि लाठ्या खाल्ल्या. केरला ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’ या समर्थक गटानं 2024 च्या डिसेंबरात तिकिटं विकायला नकार दिला. यांच्यामागे संघटना होती, सभासद होते, एक ठरलेली मागणी होती. पुण्यात प्रेम होतं, पण ते नोंदवलेलं नव्हतं.

मागायचं काय?

माझ्या कामातून मला पाच मागण्या रास्त वाटतात. क्लबचं नाव, चिन्ह, रंग आणि गाव बदलायला समर्थकांच्या नोंदणीकृत संस्थेची संमती लागावी, आणि त्यासाठी तिच्याकडे एक विशेष समभाग असावा. इंग्लंडच्या ब्रेंटफर्डच्या समर्थकांकडे आपलं मैदान राखण्यासाठी असा समभाग होता, तेव्हा ही कल्पना हवेतली नाही. दुसरं, हंगाम सुरू होण्याआधी पूर्ण वर्षाच्या पगाराची बँक हमी लीगकडे जमा व्हावी. तिसरं, तपासलेले हिशेब दरवर्षी लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत. चौथं, मालकाला बाहेर पडायचं असेल तर एक हंगाम आधी सूचना द्यावी आणि लीगमध्ये खेळण्याचा हक्क घ्यायची पहिली संधी त्याच शहराला मिळावी. पाचवं, संचालक मंडळात समर्थकांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी बसावा. यातली एकही गोष्ट मालकाला कंगाल करत नाही. प्रामाणिक मालकाला तर ती सोयीचीच आहे, कारण अडचणीच्या वर्षी गाव त्याच्या बाजूनं उभं राहतं.

धार-देवासच्या वाचकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. आपल्याकडे संघ गेलेला नाही, कारण तो अजून झालेलाच नाही. ही उणीव आहे तशी संधीही आहे. पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांतून प्रायोजक मिळू शकतील. पण संघ कारखान्याच्या नावावर काढू नका. महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीनं तो बंद केला. फगवाड्याच्या जेसीटीनं पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, तोही 2011 मध्ये संपला. कंपनीचं धोरण बदलायला एक बैठक पुरते.

मध्य प्रदेशात संस्था नोंदवायला 1973 चा अधिनियम आहे आणि त्यासाठी किमान सात माणसं लागतात. तेवढी माणसं तुमच्या गल्लीत नक्की आहेत. घटनेत पहिल्याच पानावर लिहा की संघाचं नाव, रंग आणि गाव सभासदांच्या दोन तृतीयांश मतांशिवाय बदलणार नाही. मुलींचा संघ पहिल्या दिवसापासून ठेवा. वर्गणी थोडी घ्या, पण पावती द्या. दरवर्षी हिशेब मैदानावर वाचून दाखवा. मग प्रायोजक कुणीही येवो, त्याला पाहुण्याचा मान द्या, यजमानपण तुमच्याकडे ठेवा. आणि ज्यांचा जीव दूरच्या एखाद्या क्लबात अडकला आहे, त्यांनी पुढच्या पराभवानंतर प्रशिक्षकाच्या नावानं ओरडण्याआधी त्या क्लबचे हिशेब शोधून वाचावेत.