खेळाडूचे गुणदोष

शेरा लिहिणें हा आम्हां प्राध्यापकांचा नित्याचा उद्योग आहे. जवळजवळ तीस वर्षें मी तो करीत आलों आहें. उत्तरपत्रिकेच्या समासांत, प्रबंधाच्या अहवालांत, शिफारसपत्राच्या शेवटच्या परिच्छेदांत, जेथें चार बोटें जागा मोकळी सांपडेल तेथें आम्ही माणसाच्या गुणदोषांची वांटणी करून मोकळे होतों. "बुद्धि चांगली, परंतु सातत्य नाहीं." "वाचन दांडगें, परंतु मांडणी सैल." या वाक्यांतील 'परंतु' हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्याच्या अलीकडे गुण आणि पलीकडे दोष अशी रेघ ओढली, कीं आपलें कर्तव्य संपलें असें वाटूं लागतें. खरा माणूस मात्र बहुधा त्या रेघेवरच उभा असतो, आणि म्हणूनच तो आपल्या शेऱ्यांत सांपडत नाहीं.

हा विचार अलीकडे पुन्हा मनांत घोळूं लागला त्याला कारण माझा भाचा. तो यंदा दहावींत आहे आणि बुद्धिबळें खेळतो. खेळतो म्हणजे पट मांडून कोणासमोर बसतो असें नव्हे. पंचवटींतील आमच्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर माझे आजोबा खेळत, तेव्हां पट पसरणें, मोहरीं पुसून मांडणें, पहिली खेळी कोणाची यावर वाद घालणें, हा खेळाचाच एक भाग असे. डाव संपल्यावर हरलेला गृहस्थ पानाचा डबा पुढें ओढी, आणि 'घोडा तेथें नेला नसता तर' या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जाई. भाच्याचा सारा पट तळहातावर मावतो. समोरचा खेळाडू कोणत्या खंडांतला आहे हेंही त्याला ठाऊक नसतें. दोघांना तीन तीन मिनिटें मिळतात. डाव संपतो न संपतो तोंच 'पुन्हा खेळा' अशी कळ पडद्यावर उमटते.

शेरा मारण्याच्या कामांतही आतां आम्हांला प्रतिस्पर्धी निर्माण झाला आहे. १९९७ सालीं संगणकानें कास्पारॉव्हसारख्या जगज्जेत्याला सामन्यांत हरविलें. त्यानंतर या यंत्रांची शक्ति इतकी वाढली, कीं आज मोबाइलमधील इंजिनापुढें कोणाही ग्रँडमास्टराचा निभाव लागत नाहीं. डाव आटोपला कीं हें इंजिन क्षणार्धांत त्याची चिकित्सा करतें. प्रत्येक खेळीनें झालेलें नफानुकसान तें प्याद्याच्या शतांशांत मोजतें; लहान चूक, मोठी चूक आणि घोडचूक अशा पायऱ्या लावतें; आणि शेवटीं अचूकपणाची टक्केवारी काढून देतें. "मामा, चौऱ्याऐंशी टक्के!" असें भाचा मला सांगतो, तेव्हां गणिताच्या पेपरांतही न दिसणारें समाधान त्याच्या मुद्रेवर दिसतें.

माझ्या भगिनीला अर्थातच हें समाधान पुरेसें वाटत नाहीं. एके दिवशीं ती म्हणाली, "दादा, तूच याचे डाव नीट बघ आणि सांग. याच्यात खरोखर काही असेल तर खेळू दे, नसेल तर परीक्षा होईपर्यंत तो मोबाइल मी कपाटात ठेवते." प्रश्न साधा दिसला तरी साधा नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलाच्या आवडीवर शेरा मारावयाचा होता, आणि त्या शेऱ्यावर कपाटाचें कुलूप अवलंबून होतें.

मी स्वतः मध्यम प्रतीचा हौशी खेळाडू आहें. परंतु वाचावयाला मला येतें, आणि डाव हा देखील एक लेखच असतो. भाच्याचे दोनशें डाव मीं आठ दिवसांत वाचून काढले. त्याचे गुण चटकन डोळ्यांत भरण्यासारखे आहेत. इटालियन पद्धतीचा आरंभ त्याला मुखोद्गत आहे. घोड्याचा दुहेरी मारा तो दोन खेळ्या आधीं हेरतो. समोरचा राजा उघडा पडला कीं प्यादें-दोन प्यादीं गमावण्याची त्याला भीति वाटत नाहीं. त्याची शैली हल्लेखोर आहे आणि ती त्याच्या वयाला शोभते. दोषही उघड आहेत. वजिरावजिरी झाली कीं त्याचा उत्साह मावळतो. हत्ती आणि प्यादीं एवढींच उरलेला डावाचा शेवट त्याला कंटाळवाणा वाटतो, म्हणून जिंकत आलेले डाव तो बरोबरींत सोडतो. हें सारें यंत्रानेंही सांगितलें होतें, आणि माझ्यापेक्षां अधिक अचूक सांगितलें होतें.

पण मी मास्तर असल्यामुळें मला उत्तरांबरोबर घड्याळ पाहण्याचीही संवय आहे. प्रत्येक डावापुढें तो कितीच्या सुमारास सुरू झाला याची नोंद होती. ती पाहतां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत आली. मुलाचे पराभव विखुरलेले नव्हते. ते घोळक्यानें आलेले होते. रात्रीं नऊ वाजून दहा मिनिटांनीं एक डाव हरला, कीं अर्ध्या मिनिटाच्या आंत दुसरा सुरू. तोही हरला, कीं तिसरा. असे पांच-पांच, सहा-सहा डाव रागाच्या एकाच झटक्यांत गेलेले. एखादा सुंदर विजय मिळाल्यानंतरचा डावही कित्येकदां असाच उधळलेला होता. इंजिनानें प्रत्येक डावांतील चुका दाखविल्या होत्या. दोन डावांच्या मधली चूक मात्र त्याच्या दृष्टीस पडली नव्हती, कारण तेथें पटच नव्हता.

येथें मला आमच्या नाशिकच्याच एका खेळाडूची आठवण होते. विदित गुजराथी याचा जन्म १९९४ सालचा, इंदूरचा. परंतु तो वाढला आणि घडला नाशिकांत. २००८ सालीं व्हिएतनाममधील वुंग ताउ येथें तो चौदा वर्षांखालील मुलांचा जगज्जेता झाला आणि २०१३ सालीं ग्रँडमास्टर. पुढें त्याच्या रेटिंगनें २७०० चा आंकडा ओलांडला. हें रेटिंग ज्या गणितानें ठरतें तें रचणारे आर्पाद एलो हे आमच्याच व्यवसायांतले, अमेरिकेंत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक होते; जागतिक बुद्धिबळ संघटनेनें त्यांची पद्धत १९७० सालीं स्वीकारली. दोघांत २०० गुणांचें अंतर असेल तर वरचढ खेळाडूनें चारांपैकीं सुमारें तीन गुण मिळवावेत, असा तिचा हिशेब आहे. चौथ्या गुणाविषयीं मात्र गणित मौन पाळतें. तो कोणत्या दिवशीं हातचा जाईल आणि गेल्यावर माणूस काय करील, हें तें सांगत नाहीं.

२०२३ च्या ऑक्टोबरांत आइल ऑफ मॅन बेटावर ग्रँड स्विस ही अकरा फेऱ्यांची स्पर्धा झाली. पहिल्याच फेरींत एर्विन लामी या रेटिंगनें खालच्या डच ग्रँडमास्टरानें विदितला हरविलें. अशा स्पर्धेंत आरंभींच पाय घसरलेला खेळाडू सहसा वर येत नाहीं. विदितनें पुढच्या दहा फेऱ्यांत साडेआठ गुण मिळविले, स्पर्धा जिंकली, आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडणाऱ्या कॅन्डिडेट्स स्पर्धेंत स्थान पटकाविलें. पहिल्या फेरीच्या रात्रीं त्यानें मनाशीं काय केलें हें मला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण त्या रात्रीं कांहींतरी नीट झालें असलें पाहिजे, एवढें पुढील दहा डाव सांगतात.

याच कथेची दुसरी बाजू २०२४ च्या एप्रिलांत टोरांटो येथें दिसली. कॅन्डिडेट्सच्या दुसऱ्या फेरींत काळीं मोहरीं घेऊन विदितनें अमेरिकेच्या हिकारू नाकामुरासमोर उंटाचें बलिदान केलें आणि डाव जिंकला. सत्तेचाळीस डाव अजिंक्य राहिलेल्या माणसाची ती मालिका नाशिकच्या मुलानें खंडित केली! त्या दिवशीं आमच्या गांवांत ज्यांना घोड्याची चाल ठाऊक नव्हती तेही आनंदले. परंतु तिसऱ्या फेरींत प्रज्ञानंदानें आणि चौथींत नेपोम्नियाचीनें विदितला हरविलें. नवव्या फेरींत त्यानें नाकामुराला पुन्हा नमविलें. चौदा फेऱ्यांत नाकामुराचे जे दोनच पराभव झाले ते दोन्ही विदितकडून. आणि गुकेशपेक्षां अर्ध्याच गुणानें तो मागें राहिला. ज्यानें हा फरक घडविला तो विदित मात्र सहा गुणांवर, आठ जणांत सहावा.

आतां त्यावर शेरा काय लिहावा? 'श्रेष्ठांना हरविण्याची ताकद, परंतु सातत्य नाहीं' असें लिहिणें सोपें आहे, आणि पुष्कळांनीं तें लिहिलेंही. मला तें अपुरें वाटतें. एकाच मनानें सहा महिन्यांपूर्वीं पराभव पचविला होता आणि टोरांटोला त्यालाच विजय जड गेला असावा, असें मला दुरून पाहतांना वाटतें. पराभवानंतर माणूस सावध होतो, कारण त्याला दुखलेलें असतें. विजयानंतर सावध होण्यासाठीं मात्र आपण होऊन कांहींतरी करावें लागतें. २०२४ च्याच सप्टेंबरांत बुडापेस्ट येथें भारतानें ऑलिंपियाडचें सुवर्णपदक जिंकलें, त्या पांच जणांत विदित होता, हें येथें सांगितलें पाहिजे. म्हणजे टोरांटोचा आंकडा हा अखेरचा शेरा नव्हता, हेंही ध्यानांत येईल.

दोन डावांच्या मधल्या काळाचा उपयोग कसा करावा याचा नमुना म्हणून मला बॉट्विनिकचें नांव घ्यावेंसें वाटतें. हा रशियन खेळाडू १९४८ सालीं जगज्जेता झाला. १९५७ सालीं स्मिस्लोव्हनें आणि १९६० सालीं ताल्‌नें त्याच्याकडून तें पद हिरावून घेतलें. दोन्ही वेळां पुढच्याच वर्षीं फेरसामन्यांत त्यानें तें परत मिळविलें. ताल् तर त्याच्याहून पंचवीस वर्षांनीं लहान होता. आपल्या डावांची चिकित्सा खेळाडूनें स्वतः करावी आणि ती इतरांनीं तपासावी म्हणून छापून प्रसिद्ध करावी, असा बॉट्विनिकचा आग्रह होता. मधलें एक वर्ष त्यानें स्वतःला वाचण्यांत घालविलें.

याचा अर्थ ऑनलाइन खेळ वाईट असा मुळींच नाहीं. पूर्वीं तोलामोलाचा प्रतिस्पर्धी शोधण्यासाठीं नाशिकच्या मुलाला मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागे. आज तो रात्रीं जेवण झाल्यावर ब्राझीलमधल्या माणसाशीं खेळतो. २०२० च्या महामारींत साऱ्या स्पर्धा बंद पडल्या, तेव्हां ऑलिंपियाडही ऑनलाइन भरविण्यांत आलें. भारताचा कर्णधार विदितच होता. अंतिम सामन्यांत दोन भारतीय खेळाडूंचा संपर्क तुटला आणि त्यांची वेळ संपली. त्यांपैकीं एक आमच्या विदर्भांतली, नागपूरची दिव्या देशमुख. शेवटीं भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते ठरविण्यांत आलें. हीच दिव्या २०२५ सालीं बाटुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकून आली. पडद्यावरचा खेळ खराच आहे, आणि त्यांतलें दुःखही खरें आहे. तो खेळाडूकडून फक्त एक वस्तु काढून घेतो, ती म्हणजे मधला वेळ; आणि जी वस्तु परिस्थिति देत नाहीं ती माणसाला स्वतः निर्माण करावी लागते.

मीं भाच्याला एक शंभर पानी वही आणून दिली. प्रत्येक डावानंतर, जिंकला असो वा हरलेला, तीन ओळी लिहावयाच्या: डाव कोठें फिरला, त्या वेळीं मनांत काय होतें, आणि पुन्हा तीच स्थिति आली तर काय करशील. यंत्राचा अहवाल त्यानंतर पाहावयाचा, आधीं नव्हे. त्यानें वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "पण मामा, एवढ्या वेळात तर आणखी दोन डाव होतात!"

"होतात. गेल्या मंगळवारी रात्री तसे सहा झाले होते," मी म्हणालों.

तो थोडा वेळ गप्प बसला. मंगळवार त्याला आठवत होता.

भगिनीला मीं सांगितलें, कीं मोबाइल कपाटांत ठेवूं नकोस. दिवसाला तीन डाव, आणि त्यांमध्यें वही. "म्हणजे याच्यात काही आहे म्हणतोस?" तिनें विचारलें. तो ग्रँडमास्टर होईल कीं नाहीं, याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें आणि तें दोनशें डावांतही नव्हतें. मीं एवढेंच म्हणालों, कीं त्याचा दोष खेळांतला नाहीं, उसंतींतला आहे. खेळ बंद केल्यानें तो जाणार नाहीं, उलट गणिताच्या पेपरांत एक उदाहरण अडलें कीं पुढचीं चार बिघडविण्याच्या रूपानें तो परीक्षेच्या मांडवांतही हजर होईल. तिचें पूर्ण समाधान झालें असें दिसलें नाहीं. पण कपाटाला कुलूप लागलें नाहीं.

परवां वहीचीं पहिलीं बारा पानें त्यानें मला दाखविलीं. हस्ताक्षर घाईचें आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं 'राग आला होता' याखेरीज दुसरें कांहीं नाहीं. सातव्या पानावर मात्र एक वाक्य आढळलें: 'हत्ती आणि तीन प्यादीं होतीं, घाई केली नाहीं, एक्केचाळीस खेळ्या लागल्या.' त्याखालीं मीं शेरा लिहिला नाहीं.