मामांच्या दोन कादंबऱ्या

धामणगाव रेल्वे

ती. मामांस,


यवतमाळहून एसटीने धाडलेला गठ्ठा मिळाला. दोन्ही हस्तलिखितं नीट आहेत, ‘साभार परत’च्या चिठ्ठ्यांसकट. यांचीच डागडुजी करावी की नवं काही लिहायला घ्यावं, असं तुम्ही विचारलंत आणि मामींचं मतही कळवलंत: “जुनं आता कायले उकरता?” मामींचं अर्धं बरोबर आहे.

जेन ऑस्टिनलाही हा पेच पडला होता, तोही दोनदा. 1797 साली तिच्या वडिलांनी लंडनच्या कॅडेल या प्रकाशकाकडे तिच्या एका कादंबरीबद्दल विचारणा केली, तर उलट टपाली नकार आला. तीच कादंबरी काटछाट होऊन 1813 साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ म्हणून बाहेर पडली. दुसरी ‘सुझन’. 1803 साली ती दहा पौंडांना विकली गेली, पण घेणाऱ्याने छापलीच नाही. 1816 मध्ये भावाने तेवढेच पैसे मोजून ती सोडवून आणली. जेनने नायिकेचं नाव बदललं, तेरा वर्षांत यातलं काही जुनं झालंय अशी वाचकांसाठी टीप लिहिली, आणि मग बाड फळीवर ठेवून दिलं. 1817च्या जानेवारीत तिने सरळ नवी कादंबरी सुरू केली. आजारपणामुळे मार्चमध्ये ती थांबली आणि जुलैत जेन गेली. फळीवरचं बाड भावाने त्याच डिसेंबरात ‘नॉर्दँगर ॲबी’ नावाने आणलं.

म्हणजे डागडुजीही फळते. पण कोणती?

हार्पर लीने 1957 साली प्रकाशकाला दिलेल्या हस्तलिखितात नायिका मोठी होऊन गावी परतते. संपादक टे होहॉफ यांना त्यातल्या लहानपणाच्या आठवणी भावल्या. लीने त्या धरल्या आणि बाकीचं सोडून सगळं पुन्हा लिहिलं. 1960चं ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ते हेच. याला दुरुस्ती कोण म्हणेल?

आपल्याकडे किरण नगरकर. त्यांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मौजेने 1974 साली काढली. समीक्षकांनी नावाजली, पण खपाच्या नावाने आनंदच. ‘रावण आणि एडी’ आधी पटकथा म्हणून सुरू झाली, मग मराठीत काही पानं झाली, मग बरीच वर्षं पडून राहिली. शेवटी पूर्ण झाली ती इंग्रजीत. भाषाच बदलल्यावर जुनं वाक्य जपायचा प्रश्नच उरला नाही!

आता आमच्या जिल्ह्यातले उद्धव शेळके. 1960 साली ‘धग’ आली. पुढे त्यांनी पोटासाठी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. तरी वाचकाला आठवते ती ‘धग’मधली कौतिकच. तेव्हा नवं लिहीत गेलं की आपोआप वरचढ उतरतं, या भ्रमात राहू नये.

आता तुमच्या दोन कादंबऱ्या. कॉलेजच्या कादंबरीला हात लावू नका. तिच्यातले सगळे एकाच आवाजात बोलतात आणि तो आवाज तुमचा आहे. पण कापसाची कादंबरी निराळी. कापसाची एकाधिकार खरेदी योजना 1972 साली सुरू झाली. तिच्या दिवसांतलं ते संकलन केंद्र, गाड्यांची रात्रभराची रांग, ग्रेडर मुठीतल्या कापसाचा धागा ओढून बघतो तेव्हा गाडीवानाने रोखून धरलेला श्वास, आणि घरी चुकाऱ्याची वाट बघत बसलेली जनाबाई. हे आज कोण लिहिणार? मात्र आजच्या वाचकाला ती कादंबरी कळावी म्हणून कोणाच्या हाती मोबाइल देऊ नका. आणि ग्रेडरच्या तोंडची भाषणं काढा. तो माणूस दिवसाला शेकडो गाड्या बघतो, त्याला भाषण करायला वेळ कुठला?

खरी गोष्ट जनाबाईची आहे, आणि तुम्ही तिला सहाव्या प्रकरणापर्यंत ओसरीवरच बसवून ठेवलंय. तिच्यापासून सुरू करा, कोऱ्या कागदावर. जुन्यातलं जेवढं न बघता आठवेल तेवढं ठेवा.

कॉलेजची कादंबरी परवाच्या गाडीने परत पाठवतो. कापसाची मात्र इथेच ठेवून घेतो. दिवाळीपर्यंत मागू नका. मागितलीत तरी मिळायची नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा