मागच्या रांगेतला टाळ

लालबागच्या आमच्या चाळीत दर गुरुवारी भजन असे. १९८२च्या संपानंतरही मुंबईत टिकून राहिलेले, मूळचे कोकणातले गिरणी कामगार त्यात असत. नवशिक्याने मागच्या रांगेत टाळ धरायचा. पखवाजाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा अलिखित दंडक.

एकदा पखवाजी चहाला उठले आणि मी त्यांच्या जागी बसलो. डाव्या पुडीची कणीक अजून ओली होती. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मला येत होत्या. बुवांनी संथ लयीत अभंग धरला आणि मी मात्र गजराच्या लयीत सुटलो. लय केव्हा वाढवायची हे बुवांनी ठरवायचे असते, याचे भानच राहिले नाही.

बुवांनी पेटी थांबवली. रागावले नाहीत. शेजारचा टाळ माझ्यापुढे सरकवून एवढेच म्हणाले, “आधी ऐक रे, बाबू.”

आज वर्गात कविता वाचून होताच मी अर्थ सांगू लागतो, तेव्हा तो टाळ आठवतो. मुलांच्या कानात ओळ अजून वाजत असते. ठेका मी आधीच धरलेला असतो.